ऑफिसचा ईमेल आणि घरची बचत

(आर्थिक साक्षरता सप्ताहानिमित्त चंडीगडच्या इंडस्ट्रियल एरियातील मराठी खातेदारांसमोर केलेले भाषण)



आज कारखान्यांना सुट्टी, बँकेलाही सुट्टी, तरी तुम्ही इतके जण आलात. या भागात मराठी कानावर पडते ती घरी, नाहीतर पुण्या-नाशिकहून बदली होऊन आलेल्या कुणाच्या तरी फोनवर. म्हणून आज हिंदी-पंजाबीची कसरत बाजूला ठेवते आणि सरळ मराठीतून बोलते.

विषय बचतीचाच आहे, पण व्याजदर, आवर्ती ठेव, विमा हे सगळं आज राहू द्या. तुम्हाला एकच प्रश्न विचारायचा आहे. तुमच्या बचत खात्याला कोणता ईमेल पत्ता जोडलेला आहे? आठवा बरं. बऱ्याच जणांना आठवणारच नाही, कारण तो तुम्ही लिहिलेलाच नाही.

आमच्या शाखेत पगार खाती भरपूर आहेत. फेज १ आणि फेज २ मधले कारखाने, गोदामं, गाड्यांची शोरूम, सगळीकडची. नवी भरती झाली की कंपनीकडून वीस-पंचवीस फॉर्म एकगठ्ठा येतात. ते भरलेले असतात एचआरच्या माणसाने. ईमेलच्या रकान्यात कंपनीने दिलेला पत्ता आणि मोबाइलच्या रकान्यात पुष्कळदा कंपनीने दिलेलं सिम. खातं उघडतं, पगार जमा होऊ लागतो आणि तो रकाना पुन्हा कुणी उघडून पाहत नाही. पुढे त्याच खात्यावरून मुदत ठेव होते, एसआयपी सुरू होते, डीमॅट जोडलं जातं. प्रत्येक फॉर्मवर सवयीने तोच पत्ता जातो. आणखी एक प्रकार मी वरचेवर बघते. मुलगा इथे नोकरीला, आईवडील सोलापूरला किंवा अकोल्याला. वडिलांना नेटबँकिंग जमत नाही, म्हणून त्यांच्या खात्यालाही मुलाच्या ऑफिसचाच पत्ता. म्हणजे निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या सगळ्या पैशांचा हिशेब येतो कुठे, तर इंडस्ट्रियल एरियातल्या एका कंपनीच्या सर्व्हरवर.

आता हा पत्ता कुणाचा? त्यात नाव तुमचं असतं, म्हणून तो तुमचा वाटतो. पूर्वी ऑफिसच्या पत्त्यावर आलेलं टपाल आधी आवक बारनिशीत नोंदलं जायचं, मग तुमच्या टेबलावर यायचं. पाकिटावर नाव तुमचं असलं तरी ते पाकीट ऑफिसच्या दारातून आत आलेलं असायचं. ईमेलचंही तसंच आहे. ‘ॲट’च्या चिन्हापुढे कंपनीचं नाव आहे, तर ती पेटी कंपनीची. पासवर्ड तुमच्याकडे असतो, पण तो बदलून देण्याचा अधिकार कंपनीकडे असतो. एवढ्यावरून मालक कोण ते कळतं.

माझ्याच टेबलाचं सांगते. माझ्या संगणकात पेन ड्राइव्ह चालत नाही. माझा खासगी ईमेल त्यावर उघडत नाही. मी बाहेरच्या पत्त्यावर एखादी फाइल पाठवायला गेले, तर तिच्यात खाते क्रमांकांची यादी आहे का हे आधी यंत्र तपासतं. असेल तर मेल अडकतो आणि वर कळतं. मी किती वाजता लॉगिन केलं, कुठलं खातं उघडून बघितलं, सगळ्याची नोंद राहते. मला याचा राग येत नाही. तुमच्या खात्यात किती पैसे आहेत हे मला एका बटणावर दिसतं. ते बटण मी कधी आणि कशासाठी दाबलं हे कुणीतरी बघायलाच हवं.

बँकेबाहेरच्या कंपन्यांनाही अशा नोंदी ठेवाव्या लागतात. केंद्र सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी आदेश काढला. कंपन्यांनी आपल्या संगणक यंत्रणेच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवायच्या, आणि सायबर हल्ल्यासारखी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत ती कळवायची. नोंद म्हणजे मेलचा मजकूर नव्हे, हे लक्षात घ्या. कोण, कधी, कुठून आत आला याची ती बारनिशी. पण मजकूर बघायची सोयही बहुतेक ठिकाणी असते.

मग खासगीपणाचं काय? सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निकाल दिला, तो तुम्ही ऐकला असेल. त्यानंतर २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा झाला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि तो टप्प्याटप्प्याने लागू होतो आहे. या कायद्यात मालकाला एक वाट ठेवलेली आहे. नोकरीच्या कामासाठी, किंवा कंपनीचं नुकसान टाळण्यासाठी, गुपितं फुटू नयेत म्हणून, कर्मचाऱ्याची माहिती त्याची वेगळी संमती न घेता वापरता येते. तेव्हा ‘माझा मेल वाचलाच कसा’ म्हणून भांडायला जाल, तर पाय ठेवायला फारशी जागा मिळणार नाही. युरोपात एक खटला गाजला होता. रुमानियातल्या एका कर्मचाऱ्याने ऑफिसच्या खात्यावरून भावाशी आणि होणाऱ्या बायकोशी गप्पा मारल्या, कंपनीने त्या वाचल्या आणि त्याला काढून टाकलं. सप्टेंबर २०१७ मध्ये युरोपच्या मानवाधिकार न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला. लक्ष ठेवलं जाणार आहे, किती आणि कसं, हे त्याला आधी नीट सांगितलेलं नव्हतं, हा त्यातला मोठा मुद्दा होता. तो निकाल आपल्याला बांधील नाही, पण मला तो पटतो. लक्ष ठेवा, पण आधी लिहून द्या.

इथे आपल्या भागातली खरी अडचण येते. मोठ्या कंपनीत यंत्र लक्ष ठेवतं आणि कुणी काय उघडलं याचीही नोंद राहते. पंधरा-वीस माणसांच्या युनिटमध्ये असं काही नसतं. तिथे मालकाचा भाचा ‘कंप्युटरचं बघतो’. सगळ्यांचे पासवर्ड एका वहीत असतात आणि ती वही ड्रॉवरमध्ये. तुमचा मेल कुणी वाचला हे तुम्हालाही कळत नाही आणि मालकालाही कळत नाही. मला विचाराल, तर मोठ्या कंपनीच्या यंत्रापेक्षा या वहीची भीती जास्त आहे.

तुमच्या बँकेचं स्टेटमेंट मेलवर येतं, ते पासवर्ड टाकूनच उघडतं, म्हणून आपण निश्चिंत असतो. पण तो पासवर्ड काय असतो? कुठे पॅन क्रमांक, कुठे नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मतारीख. आता सांगा, तुमचा पॅन आणि तुमची जन्मतारीख ऑफिसात कुणाकुणाकडे आहे? तुमच्या फाइलमध्ये पहिल्याच पानावर आहे. म्हणजे कुलूप आणि किल्ली एकाच छपराखाली. यात कुणाच्या मनात पाप असेलच असं मी म्हणत नाही. पण तुमची ठेव किती, कर्ज किती, गेल्या महिन्यात दवाखान्यात किती गेले, हे पगारवाढीची फाइल हाताळणाऱ्या माणसाला कळायचं काही कारण नाही.

बाहेरच्या चोराकडे वळू. कंपन्या एवढा पहारा ठेवतात त्यामागे काही मोठे धडे आहेत.

जानेवारी २०१५ मध्ये ढाक्याला बांगलादेश बँकेत, म्हणजे त्यांच्या मध्यवर्ती बँकेत, काही कर्मचाऱ्यांना एक मेल आला. नोकरी हवी असलेल्या माणसाचा. भाषा नम्र, माझा बायोडाटा इथून उघडून बघावा अशी विनंती. असे मेल कुठल्याही ऑफिसात रोज येतात. कुणीतरी तो उघडला आणि चोरांना आत शिरायला फट मिळाली. घाई त्यांनी केली नाही. वर्षभर आत राहून काम कसं चालतं ते बघितलं. ४ फेब्रुवारी २०१६, गुरुवारची रात्र. तिकडे शुक्रवार-शनिवार सुट्टी असते. त्या रात्री बांगलादेशच्या न्यूयॉर्कमधल्या खात्यातून पैसे पाठवा असे ३५ आदेश गेले, एकूण सुमारे ९५ कोटी डॉलरचे. ८ कोटी १० लाख डॉलर मनिलाच्या एका बँकेत पोचलेही. श्रीलंकेला निघालेले २ कोटी डॉलर अडले, ते मात्र चोरांच्या चुकीमुळे. संस्थेच्या नावात ‘फाउंडेशन’ या इंग्रजी शब्दाचं स्पेलिंग चुकलं होतं आणि मधल्या बँकेतल्या कुणाला तरी ते खटकलं. अमेरिकेच्या तपास यंत्रणेने २०१८ मध्ये जे आरोपपत्र ठेवलं, त्यात हा मेलचा प्रवास सविस्तर आहे. शुद्धलेखनाकडे लक्ष देणारा एक माणूस काय करू शकतो ते बघा. आमच्या शाळेतल्या बाईंना हे सांगायला हवं होतं.

आणि आपल्या पुण्याचं उदाहरण. कॉसमॉस सहकारी बँक, १९०६ सालची, आपल्यापैकी कितीतरी जणांच्या घरात तिची पासबुकं असतील. ऑगस्ट २०१८ मध्ये तिच्या यंत्रणेत घातक प्रोग्राम शिरला. ११ ऑगस्टला, शनिवारी, काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून सुमारे ७८ कोटी रुपये निघाले. भारतातही अडीच कोटींच्या आसपास निघाले, त्यातले काही कोल्हापुरातून. मग सोमवारी, १३ तारखेला, १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगच्या एका बँकेतल्या खात्यात वळवले गेले. एकूण रक्कम ९४ कोटींच्या वर. एटीएममध्ये कार्ड घातलं की मशीन बँकेला विचारतं, ‘पैसे देऊ का?’ चोरांनी मध्ये आपलाच एक खोटा उत्तर देणारा बसवला, आणि तो प्रत्येक वेळी ‘दे’ म्हणत राहिला. प्रश्न खऱ्या बँकेपर्यंत पोचलाच नाही. पुढे पुण्याच्या न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये ११ जणांना दोषी ठरवलं. हे सगळे इथले पैसे काढणारे. मूळ सूत्रधार देशाबाहेरचे.

त्या वेळी पुण्यात ठेवीदारांची झोप उडाली होती. ठेवीदारांच्या खात्यांना मात्र हात लागलेला नव्हता. नुकसान बँकेचं होतं, आणि तसं बँकेने लगेच जाहीरही केलं. चोरांनी बँकेच्या दारवानाला फसवलं होतं, कुणाच्या तिजोरीची किल्ली चोरली नव्हती. याच्या उलट, जेव्हा तुमची किल्ली तुमच्या हातून जाते, तेव्हा नुकसान तुमचं असतं. आणि तुमची किल्ली म्हणजे तुमचा ईमेल आणि तुमचा मोबाइल. नेटबँकिंगचा पासवर्ड विसरलात तर नवा कुठे येतो? डीमॅटचा? म्युच्युअल फंडाचा? सगळ्या वाटा त्या एका पेटीत येऊन मिळतात.

नोकरी सुटली की काय होतं ते बघा. शेवटच्या दिवशी ओळखपत्र घेतलं जातं, लॅपटॉप घेतला जातो आणि संध्याकाळपर्यंत ईमेल बंद. कधी बंदही करत नाहीत. तुमच्या जागी आलेल्या माणसाकडे वळवतात, म्हणजे गिऱ्हाइकांचे मेल चुकू नयेत. मग तुमच्या बँकेचा मेलही त्याच्याकडेच जातो. कंपनीचं सिम तर सरळ दुसऱ्याच्या हातात. आमच्याकडे फेज २ मधले एक खातेदार आले होते. वर्षभरापूर्वी कंपनी सोडलेली. मुदत ठेव मोडायची होती, ओटीपी येईना. का येईना, तर ओटीपी त्यांच्या जुन्या कंपनीतल्या नव्या सुपरवायझरच्या खिशात वाजत होता. माणूस भला निघाला म्हणून बरं. त्याने स्वतःच फोन करून सांगितलं. केवायसी पुन्हा करा अशा सूचनाही त्या वर्षात मेलवर गेल्या होत्या. सहीचा नमुना, आधार, पॅन सगळं घेऊन त्यांना तीन फेऱ्या माराव्या लागल्या.

यात पैशाचा थेट प्रश्न आहे, म्हणून जरा थांबते. तुमच्या खात्यातून तुमच्या नकळत ऑनलाइन पैसे गेले, तर जबाबदारी कुणाची, याचे नियम रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात घालून दिले. सहकारी बँकांसाठी ते त्याच वर्षी डिसेंबरमध्ये आले. चूक बँकेची असेल तर तुमच्यावर काही येत नाही. चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, मध्येच कुठेतरी फट पडली, आणि तुम्ही ३ कामाच्या दिवसांत बँकेला कळवलंत, तरी तुमच्यावर काही येत नाही. ४ ते ७ दिवस लावलेत तर साध्या बचत खात्याला १०,००० रुपयांपर्यंतचा, आणि मूलभूत बचत खात्याला ५,००० रुपयांपर्यंतचा भार तुमचा. त्याहून उशीर झाला तर बँकेच्या धोरणावर. तुम्ही स्वतः ओटीपी किंवा पासवर्ड सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचं सगळं नुकसान तुमचं, कळवल्यानंतरचं बँकेचं.

आता हे ३ दिवस मोजायचे कुठून? बँकेकडून व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून, तो दिवस सोडून. आणि सूचना जाते कुठे? खात्याला जोडलेल्या मोबाइलवर आणि ईमेलवर. तुमचा मोबाइल कंपनीचा, ईमेल कंपनीचा, आणि कंपनी तुम्ही सोडलेली. बँकेच्या दप्तरी सूचना गेलेली आहे. तुम्हाला ती दिसलेलीच नाही. अशा वेळी काउंटरच्या या बाजूला बसून ‘दिवस उलटून गेलेत’ हे सांगायला मलाही जड जातं.

तुमच्यात काही जण अकाउंट्समध्ये काम करता. तुमच्यासाठी वेगळं सांगते, कारण कंपनीचे पैसे तुमच्या बोटाखालून जातात आणि काही झालं की पहिलं बोट तुमच्याकडेच दाखवलं जातं.

समजा तुमची कंपनी लुधियानाहून नट-बोल्ट मागवते. चोर तुमच्या किंवा त्या व्यापाऱ्याच्या मेलपेटीत आधीच बसलेला असतो. काही करत नाही, नुसतं वाचतो. बिल कधी येतं, पैसे कधी जातात, तुम्ही एकमेकांना ‘जी’ लावता की ‘साहब’ म्हणता, सगळं टिपून घेतो. मग बरोबर पैसे द्यायच्या दिवशी मेल येतो: आमच्या खात्याचं ऑडिट चालू आहे, या वेळी पैसे खालच्या खात्यात टाका. बिल खरं, रक्कम खरी, शिक्काही खरा. खोटा फक्त खाते क्रमांक. कधी पाठवणाऱ्याच्या पत्त्यात इंग्रजी ‘एम’ च्या जागी ‘आर’ आणि ‘एन’ शेजारी शेजारी ठेवलेले असतात. चष्मा लावूनही लवकर दिसत नाहीत. मार्चअखेरीच्या गडबडीत तर नाहीच.

हे इतकी वर्षं चाललं त्याचं एक कारण आमच्या यंत्रणेतच होतं. ऑनलाइन पैसे पाठवताना पैसे जमा होतात ते खाते क्रमांक बघून. नाव तुम्ही काहीही लिहा, क्रमांक चुकला की पैसे दुसरीकडे. १ एप्रिल २०२५ पासून एनईएफटी आणि आरटीजीएससाठी सगळ्या बँकांना एक सोय द्यावी लागली आहे. खाते क्रमांक आणि आयएफएससी टाकलं की त्या खातेदाराचं नोंदलेलं नाव समोर दिसतं. पैसे पाठवण्याआधी दिसतं, आणि त्याला काही शुल्क नाही. शाखेत येऊन पैसे पाठवणाऱ्यालाही ते विचारता येतं. तर ते नाव वाचा हो! ‘अमुक फास्टनर्स’ला पैसे द्यायचेत आणि समोर कुणा भलत्याच माणसाचं नाव आलं, तर हात तिथेच थांबवा. आणि खातं बदललं असा मेल आला, की त्या मेलमध्ये दिलेल्या नंबरवर नव्हे, तुमच्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करा. माणसाचा आवाज ऐका.

साहेबांच्या नावाने येणारा आदेश हा याचाच दुसरा अवतार. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटचं प्रकरण सप्टेंबर २०२२ मध्ये वर्तमानपत्रांत आलं होतं. कंपनीच्या प्रमुखांच्या नावाने एका संचालकांना व्हॉट्सॲपवर निरोप आला, अमुक खात्यांत ताबडतोब पैसे पाठवा. १ कोटी १ लाखाहून अधिक रक्कम गेली आणि नंतर कळलं की प्रमुखांनी असा निरोप पाठवलेलाच नव्हता. एवढी मोठी कंपनी, एवढी शिकलेली माणसं. साहेबाला उलट फोन करून ‘खरंच पाठवू का?’ विचारायला आपल्याकडे संकोच वाटतो, आणि चोर बरोबर तो संकोच हेरतात. इथे काही मालकही बसले आहेत, त्यांना विनंती. अशा फोनवर वैतागू नका. तुमचे पैसे वाचवणारा तो फोन आहे.

पगारदारांसाठीही यात एक पाचर आहे. चोर तुमच्या नावाने एचआरला मेल टाकतो: माझं बँक खातं बदललं आहे, या महिन्यापासून पगार इथे टाका. एचआर बदलतो. तुम्हाला कळतं ते सात तारखेला, हप्ता परत गेल्यावर. तुमच्या कंपनीत खातं बदलायला सही असलेला कागद आणि समोरासमोर भेट लागते का, एवढं विचारून ठेवा.

आता जे मला सर्वांत जास्त टोचतं ते बोलते. चुकून लिंक दाबली, फाइल उघडली, काहीतरी विचित्र झालं, हे माणसाला बहुधा लगेच कळतं. पण तो बोलत नाही. का? ऑफिसात सगळं टिपलं जातं हे त्याला माहीत असतं. पोटावर पाय येईल, साहेब चारचौघांत बोलतील, म्हणून शुक्रवारी संध्याकाळी झालेली गोष्ट सोमवारी दुपारी बाहेर येते. तोवर पैसे पाच खात्यांतून फिरून कुठल्या तरी एटीएममधून निघालेले असतात. पहाऱ्याचा उपयोग चोर सापडावा म्हणून असतो. त्याच पहाऱ्याच्या धाकाने आपला माणूस गप्प बसला, तर तो पहारा चोराच्याच कामाचा. ज्या कंपनीत चूक सांगणाऱ्याला आधी पाणी विचारतात आणि मग प्रश्न विचारतात, तिथले पैसे सापडायची शक्यता जास्त असते.

पैसे गेल्याचं कळलं की आधी १९३० हा नंबर लावा. देशभर एकच आहे, इथूनही लागतो, सोलापूरहूनही लागतो. तक्रार सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी संकेतस्थळावरही करता येते. लगेच बँकेला कळवा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. बँकेने ३० दिवसांत दाद दिली नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. तिथे वकील लागत नाही, फी लागत नाही. मेलपेटीत चोर शिरल्याचा संशय असेल तर नुसता पासवर्ड बदलून भागत नाही. तुमच्या मेलची प्रत आपोआप दुसऱ्या पत्त्यावर पाठवणारा नियम चोर सेटिंगमध्ये लावून ठेवतो. तो शोधून काढून टाकावा लागतो, आणि दुसऱ्या यंत्रांवर चालू असलेली लॉगिन बंद करावी लागतात. स्वतःला जमत नसेल तर घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला सांगा, दहा मिनिटांत करून देईल.

बँकेच्या नावाने येणाऱ्या मेलबद्दल थोडक्यात. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत आपली संकेतस्थळं ‘डॉट बँक डॉट इन’ वर न्यायला सांगितलं. तेव्हा बँकेच्या संकेतस्थळाचा पत्ता शेवटून वाचायची सवय लावा. सुरुवातीला बँकेचं नाव कुणीही लिहू शकतो.

आता कामाचं. स्वतःचा एक खासगी ईमेल पत्ता ठेवा, तो फक्त पैशांच्या कामासाठी. लग्नाच्या साइटवर, सवलतीच्या कूपनवर तो देऊ नका. त्याला दुहेरी पडताळणी लावा, म्हणजे पासवर्डबरोबर मोबाइलवरची संमतीही लागेल. तो ऑफिसच्या संगणकावर उघडायचा नाही, आणि ब्राउझर ‘पासवर्ड जपून ठेवू का’ म्हणाला तर नाही म्हणायचं. आईवडिलांच्या खात्याला त्यांचाच मोबाइल नंबर लावा. साधा फोन असला तरी चालेल, एसएमएस वाचता आला की झालं.

ईमेल आणि मोबाइल बदलायचा फॉर्म उद्या सकाळी दहापासून दोन नंबरच्या काउंटरवर ठेवते आहे. पासबुक, आधार आणि पॅन बरोबर आणा. मोबाइल नंबर बदलायचा असेल तर जुनं सिम चालू असतानाच या. राजीनामा दिल्यावर येऊ असं म्हणू नका, कारण सिम परत केल्यावर तेच काम तिप्पट होतं. बँकेत बदललं की म्युच्युअल फंड, डीमॅट, विमा आणि पीएफ इथेही बदला. ते आपोआप बदलत नाही, प्रत्येक ठिकाणी वेगळं सांगावं लागतं. ज्यांना फॉर्म भरायला अडचण आहे त्यांनी जेवणाच्या सुट्टीनंतर या, तेव्हा गर्दी कमी असते आणि मी बसून भरून देऊ शकते.

मघापासून मागच्या रांगेतल्या काकांनी हात वर केला आहे. त्यांच्यापासून सुरू करू या. विचारा, काका.